पानांचे घागरे आमच्याकडे कुणी नेसत नाही

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या शाळांना वर्षातून दोनदा आदिवासींची आठवण होते. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो आणि १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांची जयंती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ही जयंती ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून जाहीर केली, तेव्हापासून परिपत्रकही येतं. परिपत्रक आलं की शिक्षकांच्या खोलीत धावपळ उडते. फोटो कुठे मिळेल, भाषण कुणाकडे तयार आहे, फळ्यावर काय लिहायचं? थोड्या वेळात मोबाइलवरून काढलेला बिरसांचा फोटो छापून येतो, त्याला हार पडतो, एखादा मुलगा पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणतो आणि पहिला तास सुरू होतो. “बाई, या विषयावर साहित्यच मिळत नाही हो,” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावं असं ठरवलं.

मी महादेव कोळी. माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आश्रमशाळेत शिकले, डी.एड. केलं, लग्न होऊन भोसरीत आले. मराठी आणि इतिहास शिकवते. नवरा चाकणच्या कारखान्यात आहे. आमच्या वर्गांत लातूर, धाराशिव, बीड, खानदेशातून आलेल्या कामगारांची मुलं असतात, बिहार-उत्तर प्रदेशातली असतात, हल्ली झारखंड-ओडिशातलीही येतात. आणि त्यांच्यात मिसळलेली आमचीही असतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या डोंगरांतून खाली उतरलेल्या कोळी, ठाकर, कातकरी घरांतली. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या जंगलाला जाऊन भिडतो, हे चाकणमध्ये राहणाऱ्या अनेकांच्या ध्यानातही नसतं.

माझं म्हणणं असं की साहित्य भरपूर आहे आणि ते जवळ आहे. ते वर्गापर्यंत येत नाही, कारण हा विषय आदिवासी मुलांचा, बाकीच्यांना त्याची गरज नाही, असं आपण धरून चाललो आहोत. राघोजी भांगरे कोण हे माझ्या भाच्याला घरात कळतं. ज्याला कळत नाही तो त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो. धडा त्याच्यासाठी हवा. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बाईंसाठी, त्याच्या आईवडिलांसाठी, त्याचे वडील ज्या लाइनवर काम करतात तिथल्या सुपरवायझरसाठीही हवा.

धडा नसला की काय होतं ते डिसेंबर-जानेवारीत, गॅदरिंगच्या दिवसांत पाहावं. भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात मावळा, कोळीण, शेतकरी यांच्याबरोबर ‘आदिवासी ड्रेस’ मिळतो. हिरव्या कापडी पानांचा घागरा, रंगीत पिसांचा मुकुट, गळ्यात प्लॅस्टिकची हाडं, हातात भाला. मुलांच्या तोंडाला आणि हातापायांना काळा रंग फासायचा, त्यावर पांढरे ठिपके द्यायचे. मधोमध बल्बला लाल कागद गुंडाळून शेकोटी करायची आणि तिच्याभोवती ‘झिंगालाला’ करत नाचायचं. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि पुष्कळदा याच नाचाला बक्षीस मिळतं.

एका शाळेत पाचवीतल्या मुलीला या नाचात घेतलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे अनेक ठिकाणी चालतं. मुलीचे वडील जुन्नरच्या डोंगरातले ठाकर, चाकणला कंत्राटी कामावर. मुलगी रंगाने सावळी. बाकीच्यांना रंग लावून झाल्यावर तिची पाळी आली तेव्हा नाच बसवणारी ताई म्हणाली, “हिला नको, हिला गरजच नाही.” सगळे हसले. मुलगीही हसली. नंतर तिची आई मला बाजारात भेटली. म्हणाली, “बाई, आपल्यात कधी कोण असं नाचलंय का हो?” तिला ती ताई दुष्ट वाटत नव्हती, मलाही वाटत नाही. २०१४ साली ३० जुलैला आमच्याच आंबेगावातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली, तेव्हा याच पिंपरी-चिंचवड शहरातून मदतीच्या गाड्या भरभरून आल्या होत्या. माणुसकी आहे. ज्यांना मदत केली ती माणसं कोण, कुठली, कशी जगतात याची माहिती नाही. आणि माहिती नसलेल्या जागी सिनेमातलं चित्र जाऊन बसतं. ते चित्र आमचं नाहीच, आफ्रिकेतल्या लोकांचंही खरं नाही. परदेशी साहेबांनी आणि सिनेमावाल्यांनी काळ्या माणसाची जी थट्टा मांडली, तीच आपण दहा वर्षांच्या पोरांच्या अंगावर रंगवतो. हा वंशभेदाचा धडा आहे आणि तो आपण मुलांकडून घोकून घेतो आहोत.

माझी आजी नऊवारी लुगडं नेसायची. आजोबा धोतर, बंडी, डोक्याला टोपी किंवा मुंडासं. पानं अंगावर यायची ती फक्त आवणीच्या दिवसांत, इरलं म्हणून. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पानं दाटून बसवलेलं इरलं डोक्यावरून पाठीवर घेतलं की धो धो पावसात वाकून भात लावता येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ज्या शाळेला कार्यानुभवाच्या तासाला काय शिकवावं हा प्रश्न पडतो, तिने एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला बोलावून मुलांकडून इरलं विणून घ्यावं. पाऊस कुठून पडतो, पान कसं बसवलं की पाणी ओघळतं, कामटी कुठल्या महिन्यात तोडावी, सगळं विज्ञान त्यात येतं.

पडकईचंही तसंच. डोंगरउतारावर सपाट जमीन नसते. मग उताराला आडवा दगडी बांध घालायचा, वरची माती खाली ओढून खाचर तयार करायचं, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात कसं उतरेल ते डोळ्याने जोखायचं. हे एका कुटुंबाचं काम नाही. आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या शेतात सगळे. या कामाला आमच्याकडे पडकई म्हणतात. शासनानेही पुढे रोजगार हमीतून पडकईची कामं घेतली. आंबेगावात शाश्वत संस्थेने, आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी, डिंभे धरणाने उठवलेल्या आमच्या लोकांबरोबर या कामासाठी वर्षानुवर्षं घालवली. संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. चाकणला अभियांत्रिकीची पदविका घेऊन आलेल्या मुलाला उताराचं गणित पुस्तकात शिकवतात. तेच गणित सही न येणारी माणसं साठ-सत्तर किलोमीटरवर दगडात करून ठेवतात, हे त्याला कुणी दाखवलं तर त्याच्या मनातला ‘मागासलेला’ हा शब्द आपोआप गळून पडेल.

हिरडा तर घराघरात खोकल्याला, पोटाला लागतो. तो येतो कुठून? उन्हाळ्यात फळ कोवळं असतानाच झाडावर चढून बाळहिरडा झोडायचा, वेचायचा, अंगणात वाळवायचा आणि व्यापाऱ्याला किंवा आदिवासी विकास महामंडळाला घालायचा. पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न तेवढंच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना पुढची काही वर्षं मोर्चे काढावे लागले. भूगोलाच्या तासाला ‘वनोपज’ म्हणून एक ओळ असते. त्या ओळीखाली ही सगळी हकीकत सांगता येते.

आता इतिहास. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हा माझा विषय आहे आणि साहित्य नसल्याची तक्रार इथेच सर्वांत जास्त होते.

पिंपरी-चिंचवडमधल्या बहुतेक शाळांची एखादी तरी सहल शिवनेरीला जाते. शिवजन्मस्थान, पाण्याची टाकी, कडेलोट बघून मुलं परत येतात. त्याच गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना पकडून तिथे मारलं, असं परंपरा सांगते. सहलीबरोबर आलेले शिक्षक पुष्कळदा त्याच्या शेजारून निघून जातात. पाच मिनिटं थांबून चौथरा दाखवायला कुठलंही साहित्य लागत नाही.

दुसरं उदाहरण पुण्यातलं. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या रामोशी उमाजी नाइकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीच्या जागी. त्यांना पकडण्याची मोहीम कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने चालवली. याच मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, रामोशी लोकांवर पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत महादेव कोळ्यांवरही लिहिलं. आजही अभ्यासक त्याचे दाखले देतात, कारण एवढं जुनं आणि तपशिलाचं दुसरं लिखाण नाही. मी आठवी-नववीच्या मुलांना एवढंच विचारते की जो माणूस तुम्हाला पकडायला आला होता, त्यानेच तुमची माहिती लिहिली, तर त्यात काय येईल आणि काय राहून जाईल? मुलं एकदम जागी होतात. एक मुलगा म्हणाला, “बाई, म्हणजे एफआयआरवरून माणूस ओळखायचा.” इतिहासाची साधनं कशी तपासायची हे शिकवायला याहून चांगला पाठ मला मिळालेला नाही. तो मिळाला आमच्याच जिल्ह्यात.

राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे. सावकारांनी जमिनी गिळल्या आणि इंग्रजांचा कायदा सावकाराच्या बाजूने उभा राहिला, म्हणून त्यांनी बंड केलं. नगर, नाशिक, पुणे, ठाणे या सगळ्या डोंगराळ भागात त्यांची हालचाल होती. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे पंचवीसएक वर्षांनी आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले त्याच कारणासाठी उठला आणि १८७६ मध्ये पकडला गेला. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, हे माझ्या वर्गातल्या हुशार मुलांना ठाऊक असतं. त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, त्याच सावकारीविरुद्ध डोंगरात उठलेला होन्या त्यांना ठाऊक नसतो. शेतकऱ्याचा तो उठाव आणि आदिवासीचं ते बंड, अशी विभागणी कागदावर आधी इंग्रजांनी केली. आपण ती का जपायची?

हे सगळं मराठीत लिहिलेलं आहे. डॉ. गोविंद गारे जुन्नरमधल्या निमगिरीचे. डोंगरातून शिकून पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. ‘सह्याद्रीतील आदिवासी : महादेव कोळी’ हे त्यांचं पुस्तक. त्यांनी इतर जमातींवरही पुष्कळ लिहिलं. ती संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली, पुणे स्टेशनजवळ क्वीन्स गार्डनला आहे. तिचं संग्रहालय आहे, ग्रंथालय आहे. संग्रहालयात शेतीची आणि शिकारीची अवजारं, दागिने, वाद्यं, मुखवटे, चित्रं आहेत. आमच्या शाळांच्या सहली राजा केळकर संग्रहालयात जातात, कात्रजच्या सर्पोद्यानात जातात, शनिवारवाड्यात जातात. जावंच. पण या संग्रहालयाचं नाव सांगितलं की अनेक मुख्याध्यापक मला विचारतात, “असं काही आहे का पुण्यात?”

वारलीचं थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांना दिसते. उड्डाणपुलाखालच्या भिंतींवर, सोसायट्यांच्या कंपाउंडला, चाकणच्या कंपन्यांच्या स्वागतकक्षात वारली चित्रं असतात. चित्रकलेच्या वहीत त्रिकोणी माणसं काढून मुलं दहापैकी दहा घेतात. जिव्या सोमा म्हशे यांचं नाव त्यांना कुणी सांगत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचा हा माणूस, त्याला २०११ साली पद्मश्री मिळाली. आणि १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव तर चित्रकलेच्या तासात यायचा प्रश्नच नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० सालचं, साहित्य अकादमी मिळालेलं. शाळेच्या कपाटात ते असलं तरी कपाटाला कुलूप असतं. ज्यांची चित्रं भिंतीवर हवीत, त्यांची हकीकतही वर्गात हवी.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. आमच्या समाजाला ‘रानटी’ म्हणतात, पण पारधी, कैकाडी, टकारी, भामटा यांच्या वाट्याला आला तो ‘चोर’ हा शिक्का, आणि तो कायद्याने मारला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारणेने त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही पसरला. आईच्या पोटातून बाहेर आलेलं मूल गुन्हेगार ठरायचं. हजेरी, तारांच्या कुंपणातल्या वसाहती, परवाना घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरची वसाहत त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. मात्र पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. किती काळ राहिली? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवरून कामं वाटणारी आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२४. म्हणजे मी ज्यांना शिकवते ती मुलं जन्माला आल्यानंतर.

हा निकाल नागरिकशास्त्राच्या तासाला वाचायला हवा, कारण त्याचा संबंध थेट आमच्या गल्लीशी आहे. चाकण, मोशी, चिखलीत खोली भाड्याने घ्यायला गेलं की आडनाव विचारतात, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही कोण?” उत्तर पारधी असलं की खोली नुकतीच गेलेली असते. कामाच्या गेटवर काही हरवलं की पहिली झडती कुणाची होते ते सगळ्यांना माहीत असतं. वर्गात कंपास हरवला तरी मुलांच्या नजरा एकाच बाकाकडे वळतात. त्यांना हे कुणी धड्यात शिकवलेलं नाही. घरात, रस्त्यावर, टीव्हीवर ऐकून ते येतं. धड्यात न शिकवता आलेलं धड्यातूनच काढावं लागेल, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

त्यासाठी लांब जायला नको. चिंचवडगावात पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् आहे. गिरीश प्रभुणे यांनी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी उभं केलेलं. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरात फलक लागले. त्यांच्या वैचारिक घरोब्याशी माझे मतभेद आहेत, ते बाजूला ठेवून विचारते: आपल्या शहरातल्या किती शाळांनी आपल्या मुलांना तिथे एक दिवस खेळायला, बरोबर जेवायला, त्यांच्याकडून एखादी कारागिरी शिकायला नेलं? लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० सालचं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ सालचं. दोन्हींना साहित्य अकादमी. गायकवाड लातूरचे, सूतगिरणीत काम केलेले. भोसरी, थेरगाव, निगडीत लातूरकडून आलेली इतकी कुटुंबं आहेत, त्यांच्या बोलीतलं हे पुस्तक आहे. नववीच्या मुलांना त्यातली निवडक पानं शिक्षकाने वाचून दाखवावीत. मी दाखवते. मुलं टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी गप्प असतात आणि नंतर प्रश्न थांबत नाहीत. पुढच्या वयाच्या मुलांसाठी नजूबाई गावितांच्या कादंबऱ्या आहेत, वाहरू सोनवणेंची कविता आहे. आदिवासींनी स्वतः लिहिलेलं मराठीत आता थोडं राहिलेलं नाही.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट घडते आहे. ओडिशाच्या मयूरभंजहून आलेला एक मुलगा आमच्या वर्गात होता. घरात संथाली बोलायचा, बाहेर मोडकी हिंदी. मुलं त्याला बिहारी म्हणायची आणि रंगावरून जे म्हणायची ते इथे लिहीत नाही. संथाली ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, मराठीच्याच यादीत बसलेली. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती तिथे आली. तिला ओल चिकी नावाची स्वतःची लिपी आहे, रघुनाथ मुर्मू यांनी तयार केलेली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा त्या मुलाला स्वतःलाही नवीन होतं. त्याच्या वडिलांना मात्र लिपी येत होती. मी त्यांना शाळेत बोलावलं. बारा तासांची पाळी करून आलेला तो माणूस फळ्यापुढे उभा राहून मुलांची नावं एकेक करून ओल चिकीत लिहीत गेला. त्यानंतर चिडवणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही, पण कमी झालं. शैक्षणिक साधन म्हणजे नेहमी पुस्तक किंवा तक्ता असतो असं नाही. या पट्ट्यात देशभरातली माणसं येऊन राहिली आहेत, आणि शाळेच्या गेटवर मुलाला सोडून जाणारा बापही साधन आहे.

जगात इतरांनी हे कसं केलं तेही बघावं. न्यूझीलंडने २०२३ पासून शाळांत देशाचा इतिहास सक्तीचा केला आणि त्यात माओरी इतिहासाला पायाचं स्थान दिलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२३-२४ पासून मूलनिवासींविषयीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय बारावी पदरात पडत नाही. दोन्हीकडे हा अभ्यास सगळ्या मुलांना आहे, गोऱ्यांनाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत, लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांहून जास्त. एवढ्या माणसांची ओळख दोन दिवसांच्या हारात उरकता येणार नाही.

आणि आमचं नातं शेजाऱ्याचंही आहे. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी पवनेचं, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं. आता आंद्रा धरणाचंही येतं. या धरणांच्या आजूबाजूच्या डोंगरांत ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेली जमात. तिथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि या शहराच्या इमारतींसाठी विटा पाडतात, आणि त्यांच्या मुलांची शाळा त्या मोसमापुरती सुटते. पाणी आणि विटा या दोन गोष्टी इथल्या प्रत्येक मुलाला रोज दिसतात. त्या कुठून येतात, कोण पाठवतं, हे विचारायला चौथीचं मूलही पुरेसं मोठं असतं.

महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे. शिक्षक प्रशिक्षणातला एक दिवस आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात आणि ग्रंथालयात घ्या. वर उल्लेख केलेली पुस्तकं प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात ठेवा आणि कपाट उघडं ठेवा. शिवनेरीच्या सहलीच्या पत्रकात कोळी चौथऱ्याचं नाव छापा. ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल मराठीत सोपा करून वर्गात वाचून दाखवा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर वरच्या आदेशाचीही वाट बघावी लागणार नाही. संग्रहालय पुणे स्टेशनजवळ आहे, भोसरीहून बस जाते. ज्या शाळेला मुलांबरोबर माहिती सांगायला कुणी हवं असेल, तिच्याबरोबर मी येईन.